पूल शिकायचाय, सुरुवात कुठून करू? (पांढरा बॉलच सारखा पॉकेटात जातोय)

कोपऱ्यातला_गडी
नमस्कार मंडळी. ऑफिसात पूलचं (स्टिकने पांढरा बॉल मारून बाकीचे पॉकेटात घालायचा खेळ) टेबल आलंय आणि गेले दोन आठवडे मी रोज न चुकता हरतोय. जोर लावून मारतो, बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखड करून बाहेर येतो आणि पांढरा मात्र ऐटीत आत. फाऊल! स्वतःची स्टिक घेतली तर फरक पडेल का? कोच लावावा की व्हिडिओ बघून जमतं? आणि एक कलीग पांढरा बॉल फिरवून मागे आणतो ते बघून जीव जळतो, ते कसं करतात तेही सांगा.

खडूबहाद्दर
स्टिक इतक्यात घेऊ नका हो. टेबलाजवळच्याच स्टिकांमधली एक उचला, बंदुकीसारखा एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून बघा, वाकडी असेल तर लगेच कळतं. मग टिप (स्टिकच्या टोकाचं चामडं) बघा, ती थोडी गोलसर हवी, सपाट होऊन चकाकत असेल तर खडू धरत नाही आणि स्टिक बॉलवरून सटकते. वजन 19 औंसच्या आसपास असलं की झालं. फक्त शेजारी स्नूकरच्या स्टिका असतील तर त्या नकोत, त्यांची टिप साधारण 9-10 मिमी, पूलची 13, आणि पूलचा बॉल 57 मिमीचा, स्नूकरच्यापेक्षा मोठा आणि जड. खडू दर शॉटआधी, आणि ड्रिल मशीनसारखा गरागरा फिरवायचा नाही, हलक्या हाताने पुसल्यासारखा लावायचा.

अर्ध्यात_लागला
पांढरा आत का जातो याचं उत्तर कुणी देत नाहीये म्हणून लिहितो. समोरचा बॉल आणि पॉकेट सरळ रेषेत असेल आणि पांढरा घरंगळत जाऊन त्याला लागला, तर तो त्याच्या मागोमाग जाणारच, त्यात तुमचं नशीब वगैरे काही नाही. तेच मध्याच्या थोडं खाली मारलंत आणि लागतानाच्या क्षणी पांढरा घरंगळत नसून घसरत असेल तर तो जागच्या जागी थबकतो. आधी हा थांबवायचा शॉट शिका, दोन बॉलमध्ये हातभर अंतर ठेवून. कलीग करतो ते याच्याच पुढचं, अजून खाली आणि न अडखळता आरपार मारायचं. पण साईड स्पिन (पांढऱ्याला डावी-उजवीकडे मारून फिरवणं) महिनाभर विसरा, त्याने पांढऱ्याची वाटच बदलते, मग नेम चुकला की स्पिन हे कळतच नाही.

नेमाचं म्हणाल तर जो बॉल घालायचाय त्याला पॉकेटच्या बरोबर उलट्या बाजूने एक काल्पनिक बॉल चिकटलाय असं समजा. पांढरा त्या जागेवर पोचला पाहिजे. नवीन माणूस जिथे दोन बॉल टेकणार त्या ठिपक्यावर नेम धरतो आणि मग दरवेळी जाड लागतं, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त समोरून.

मी_पण_शिकतेय
अर्ध्यात_लागला +१. माझा अनुभव सांगते. सहा महिने मला वाटायचं माझा नेम वाईट आहे. मग एकदा मोबाईल खोक्यांच्या ढिगावर टेकवून शूटिंग केलं तर बॉलला स्टिक लागायच्या आधीच माझं डोकं वर! बॉल गेला का हे बघायची घाई, दुसरं काय. आणि मागचा हात, तो इतका आवळून धरला होता की बोटांची टोकं पांढरी पडलेली दिसत होती. आता शॉट झाल्यावर मनात दोन आकडे मोजते आणि मगच उठते.

एक परीक्षा करून बघा. टेबलावर दुसरा बॉलच नको. पांढरा मधोमध ठेवून समोरच्या कुशनवर (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवर) सरळ मारा, तो परत येऊन तुमच्या टिपलाच लागला पाहिजे. माझा पहिल्या दिवशी वीतभर बाजूने गेला होता.

खेळा_रे
एवढी ड्रिल करून माणूस कंटाळून जाईल. खेळा की! हरून हरूनच येतं.

खडूबहाद्दर
खेळा ना, पण दहा मिनिटं ड्रिल करून मग. नुसतं खेळून मी चार वर्षं तीच चूक पक्की केली, ती मोडताना नाकी नऊ आले. आणि खेळताना नियम आधी ठरवून घ्या, आठ बॉलमध्ये (पूलचा नेहमीचा प्रकार) भांडणं तिथेच होतात. जागतिक नियमांप्रमाणे ब्रेकवर, म्हणजे पहिल्याच शॉटला, बॉल पडला तरी टेबल ओपनच, कुणाचे सॉलिड (एकरंगी) आणि कुणाचे स्ट्राईप (पट्ट्यांचे) हे नंतर ठरतं. फाऊल झाला की समोरचा पांढरा कुठेही ठेवू शकतो. आणि पांढरा दुसऱ्या बॉलला लागल्यावर काही पॉकेटात गेलं नाही तर निदान एक तरी बॉल कुशनला टेकायला हवा, हा नियम अर्ध्या लोकांना माहीतच नसतो.

व्हिडिओंसाठी डेव्हिड अल्सियाटोर बघा, डॉ. डेव्ह म्हणतात त्यांना, मेकॅनिकल इंजिनियरिंगचे प्रोफेसर होते, त्यामुळे कोन वगैरे नीट समजावतात. कोच पुढे लावा, आता दोन-तीन तास कुणी जाणकाराने तुमचं उभं राहणं आणि हात बघितला तरी पुरे.

कोपऱ्यातला_गडी
आभार लोकहो. आज सगळे जेवायला गेल्यावर ती कुशनची परीक्षा केली. वीसपैकी तीनदा टिपला लागला. शूटिंग पण केलं आणि डोकं तर वर जातंच, वर एक पायही हवेत असतो माझा, हे कुणी सांगितलं नव्हतं. थांबवायचा शॉट मात्र एकदा असा बसला की पांढरा जागेवर नुसता गरगरला, आणि बघायला कुणी नव्हतं.

मी_पण_शिकतेय
गरगरला म्हणजे नकळत साईड लागलाय :) टिप थोडी मध्यावर आणा.