समाज बदलतो तेव्हा मतदार पक्ष सोडतो, की मतदारच नवे येतात?

अक्षरवेल:
राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष. लिपसेट आणि रोक्कान या दोन अभ्यासकांनी १९६७ मध्ये मांडलं की पश्चिम युरोपातले पक्ष अजून १९२० च्या दशकातल्या भेदरेषांवरच उभे आहेत: कामगार-मालक, चर्च-सरकार, गाव-शहर. नेमकी त्याच सुमारास ही चौकट मोडायला लागली. माझं अडतं ते इथे. समाज बदलला म्हणून मत बदललं, म्हणजे नक्की काय झालं? जुना मतदार पक्ष सोडतो, की तो जातो आणि त्याच्या जागी वेगळं मत देणारी पिढी येते? परीक्षेपुरतं उत्तर नकोय.

रानवारा:
माझं मत पिढीच्या बाजूने. पश्चिम जर्मनीत ग्रीन पक्ष १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं घेऊन बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पोचला. त्याचा मतदार मुख्यतः तरुण आणि शिकलेला. युद्धानंतर वाढलेल्या, खाण्यापिण्याची ददात न पाहिलेल्या या मुलांना अणुऊर्जा आणि पर्यावरण हे मत देण्याजोगे प्रश्न वाटले.

जुनी मतपेटी:
रानवारा, उदाहरण बरोबर आहे, पण सगळं पिढीवर ढकलू नका. मी बरीच वर्षं निवडणुकांचे निकाल शिकवले. मत देणाऱ्या माणसाइतकंच त्याला धरून ठेवणाऱ्या संस्थांकडे बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

अक्षरवेल, तू नेदरलँड्स घे. १९५० च्या दशकात तिथल्या कॅथलिक घरातलं मूल कॅथलिक शाळेत जाई. बाप कॅथलिक कामगार संघटनेत, घरी येणारं वर्तमानपत्र कॅथलिक, रेडिओ लावला तरी कॅथलिक संस्थेचाच. १९५४ मध्ये तर बिशपांनी पत्रक काढून समाजवादी कामगार संघटनेचं सभासदत्व आणि समाजवादी रेडिओ ऐकणं निषिद्ध ठरवलं. अशा घरात मत कुणाला द्यायचं, हा प्रश्न उठतच नसे.

मग टीव्ही आला. सुरुवातीला वाहिनी एकच, तिच्यावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी अशा सगळ्यांच्या प्रसारण संस्था आळीपाळीने. ज्यांना ऐकायची बंदी होती ती माणसं आता घरात बसून बोलताना दिसू लागली. पुढे चर्चला जाणं झपाट्यानं घटलं, संघटनाही सैल पडल्या.

आता आकडे बघ. १५० जागांच्या सभागृहात तीन मोठ्या धार्मिक पक्षांच्या १९६३ मध्ये मिळून ७६ जागा होत्या, १९७२ मध्ये ४८. मधल्या काळात मतदानाचं वय खाली आलं, १९७० मध्ये सक्तीचं मतदान गेलं. ते सगळं धरलं तरी नऊ वर्षांत एवढी पिढी पालटत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनीही घरचा पक्ष सोडला. मोठी पडझड कॅथलिक पक्षाची, ५० वरून २७. त्याच वेळी प्रोटेस्टंटांचा एक पक्ष मात्र १३ वरून १४ वर गेला! म्हणून ‘धर्म ओसरला’ एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. कोणती संस्था ढासळली, हे शोधावं लागतं.

अक्षरवेल:
सर, मग ब्रिटनमध्ये मजूर आणि हुजूर हे तेच दोन पक्ष इतके टिकले कसे? मजूर पक्षाला धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या खाणी तर तिथे बंद पडल्या.

जुनी मतपेटी:
कारण तिथे समाजातला बदल जागांमध्ये उतरायला वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये एकूण मतांचा साधारण दीडशेवा हिस्सा मिळाला की एक जागा मिळते, त्यामुळे चीर पडली की लगेच दिसते. ब्रिटनमध्ये मतदारसंघात पहिला येईल तोच निवडून येतो. दोन मोठ्या पक्षांची मतं १९५१ मध्ये मिळून जवळपास ९७ टक्के होती, २०२४ मध्ये ती ५७ च्या घरात आली. पण त्याच २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३४ टक्क्यांहून कमी मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. नुसत्या जागा मोजणाऱ्याला जुनी घडी शाबूतच वाटेल.

बोल्सोव्हर हा कोळसा खाणींचा मतदारसंघ बघ. १९५० मध्ये तयार झाल्यापासून मजूर पक्षाकडे होता. खाणी १९९० च्या दशकात बंद झाल्या, जागा गेली २०१९ मध्ये. खाण गेली तरी खाणकामगारांची पिढी, त्यांचा पक्ष आणि घरातली सवय पाव शतकभर तशीच राहिली. इथे रानवारा यांचं म्हणणं मला पटतं, पिढीचा वाटा मोठा आहे.

निबंध लिहिणार असशील तर आधी नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांताचे १९६३ आणि १९७२ चे निकाल शेजारीशेजारी मांड. जवळजवळ सगळी वस्ती कॅथलिक, आणि कोळशाच्या खाणीही तिथेच होत्या. १९६५ मध्ये सरकारने त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. चर्च आणि खाण, दोन्ही एकाच वेळी हातातून सुटत होत्या.