गावात कथ्थकचा क्लास काढला, पोरी टिकत नाहीयेत. काय करू?

कपाशीवाली
नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, वाचून घ्या. मी अमरावतीला राहून कथ्थकचं विशारद पूर्ण केलं, लग्न होऊन आता दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. शाळा उघडल्या तसा समाजमंदिरात क्लास काढला, महिन्याची फी २०० रुपये, पहिल्या आठवड्यात १४ पोरी आल्या आणि दसरा होईस्तोवर उरल्या ५. आया विचारतात मॅडम गॅदरिंगचं गाणं कधी बसवणार, तीन महिने झाले नुसतं ता थेई थेई तत् चाललंय. एक आजी तर सरळ म्हणाल्या, आमच्या घरच्या पोरी पायात चाळ बांधत नसतात. त्यात दोन पोरींच्या नडग्या दुखायला लागल्या, खाली सिमेंटचा कोबा आहे. तबलेवाला नाही, मोबाईलवर लेहरा (तालाबरोबर फिरणारी पेटीची धून) लावते, रेंज गेली की संपलं. सासरचे काही बोलत नाहीत पण "बंद कर" हे त्यांच्या तोंडावर दिसतं. फिल्मी गाणी शिकवायला घेऊ का? की नादच सोडू?

वऱ्हाडी बाप्पा
ताई मी काई नाचातला माणूस नाई, पण माही पोरगी जाते अशाच एका क्लासले म्हणून सांगून राहिलो. तुमचे पोट्टे कायले गळले ते पायजा आधी. सोयाबीन निघालं का घरी लहान लेकरू सांभाळाले कोणी नसते, मंग मोठी पोरगी घरी. पुढं कापूस वेचाले मायसंग वावरात. क्लास कंटाळवाणा हाये म्हणून गळले असं नाई. आमच्या मॅडमनं हंगामात क्लास सकाळी सहाले घेतला, अर्धा घंटा, तवा टिकल्या पोरी. अन् त्या आजीले एक दिवस क्लासात आणून बसवा, चहा पाजा. घरी बसून तिले जे दिसते ते लय येगळं असते.

धानपट्टीची ताई
कपाशीवाली, मी आमगावकडची, गोंदिया जिल्हा. २२ वर्षं शिकवतेय, आता ऐक.

मी शिकायला लागले १९९४ मध्ये, गोंदियाला दर रविवारी, पॅसेंजरनं. बाबा स्टेशनवर सोडायचे आणि गावात सांगायचे टायपिंगला जाते, कारण तुला त्या आजी म्हणाल्या ना चाळाचं, तेच आमच्याकडं. घुंगरू मी दप्तरात वहीखाली दाबून न्यायची, तरी डब्यात खुळखुळ व्हायची आणि लोक बकरी कुठाय म्हणून बघायचे. पुढे शिकायला खैरागढला गेले, आता छत्तीसगडात येतं ते, आमच्याहून जवळच, डोंगरगढला उतरायचं आणि बस. १९५६ साली तिथल्या राजाराणीनं आपल्या राजवाड्यात विद्यापीठ काढलं, लेक इंदिरा लहानपणीच गेली तिच्या नावानं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की कथ्थक म्हणजे नुसती लखनौ आणि जयपूर घराणी नाहीत, रायगढचंही आहे. रायगढचे राजा चक्रधर सिंह, त्यांच्या दरबारात तयार झालेले पं. कार्तिकराम लहानपणी गावाकडच्या गम्मतीत, म्हणजे लोकनाट्यात, नाचायचे. म्हणजे आपल्या झाडीपट्टीत खडी गंमत असते ना, त्याच जातकुळीतलं. मला त्या दिवशी एवढा राग आला होता माझाच, टायपिंगला जाते म्हणून सांगितल्याचा.

परफॉर्मन्सचं म्हणशील तर माझा पहिला मोठा कार्यक्रम मंडईत. भाजीची नाही, आमच्याकडं दिवाळीनंतर भरते ती जत्रा, रात्रभर नाटक, त्याआधी आयोजकांनी मला अर्धा तास दिला. विलंबित म्हणजे संथ लय संपवून जलद द्रुतला आले आणि जनरेटर बंद. कॅसेट बंद, माईक बंद. अर्धं पब्लिक चहाला गेलं, कोणीतरी ओरडलं "रेकॉर्ड डान्स लावा". गुरुजी विंगेतून बाहेर आले, स्टेजच्या कडेला मांडी घातली आणि हातावर ताल देत पढंत, म्हणजे तोंडानं बोल म्हणणं, सुरू केलं, नाटकवाल्यांचा ढोलकीवाला पण न सांगता बसला. त्याला तीनताल कुठला येतो, तो आपला आठ मात्रांवर चालला होता, दोन आवर्तनं झाली की सोळा होतातच. शेवटची तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा घेऊन समेवर यायचं, त्यात मी अर्धी मात्रा मागं पडले, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा चुकली, गुरुजींनी मान फिरवली. पोत्यांवर बसलेल्या चाळीसेक बाया मात्र हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यातल्याच तिघींनी पोरी पाठवल्या.

आता तुझं.

नडग्यांचं आधी, बाकी सगळं थांबू शकतं हे नाही. सिमेंटवर रोज पाय मारायला लावू नकोस. मी तोच गाढवपणा केला, दोन पोरी महिनाभर लंगडल्या, एकीचा बाप भांडायला आला आणि त्याचं बरोबर होतं. माझा क्लास आता अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. आवाज दबका येतो, दर चौथ्या दिवशी पोपडे निघतात आणि पोरींनाच सारवायला लावते, उन्हाळ्यात धूळ नाकात जाते, पण पाय वाचतात. अंगण नसेल तर खाली रिकामी पोती अंथरून वर जाड प्लायवूड टाक. आणि पाय गुडघ्याएवढा उचलून आपटतात का बघ, पोरींना वाटतं जोरात म्हणजे चांगलं. तळवा सपाट पडायला हवा, जमिनीपासून फार वर न जाता. दुखतंय त्या दोघींना सध्या बसवून हातावर ताल द्यायला आणि बोल म्हणायला शिकव. आठदहा दिवसात थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवायला सांग.

तीन महिने नुसता तत्कार, म्हणजे पायांचं ता थेई थेई तत्, यात आया चुकत नाहीत गं. तत्कार करायचाच, पण पाचव्या मात्रेवर सगळ्या अडकतात बघ, चौथ्याला डावा पाय पडला की पाचव्याला परत डावाच असतो आणि पोरगी सवयीनं उजवा टाकते. मी तिथं "डावाच बाई डावाच" असं गाणंच करते, अख्खा क्लास हसतो. दुसऱ्या महिन्यातच एक छोटा तुकडा (बोलांवर बसवलेला लहानसा नाच) आणि एक सोपी तिहाई दे, घरी जाऊन दाखवायला काहीतरी हवं लेकराला. गॅदरिंगला नाही म्हणू नकोस, पण गाणं तू निवड, गणेशवंदना किंवा गौळण, दोन चक्कर आणि एक तिहाई त्यात घुसव. फिल्मी गाण्यांचा क्लास मात्र काढू नकोस, त्यात तुझ्यापेक्षा मोबाईल चांगला शिकवतो.

मार्कवाले सर
सगळं खरं पण पालकांना सरळ परीक्षेचं सांगा ना. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका असं करत गेलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, शाळेमार्फत प्रस्ताव जातो. आमच्या शाळेत याच एका कारणानं पालक तयार झाले. कला वगैरे नंतर.

धानपट्टीची ताई
सर बरोबर, मीही बसवते परीक्षेला. पण नुसत्या मार्कांसाठी आलेली पोरगी दहावीच्या निकालादिवशी घुंगरू परत आणून देते, माझ्याकडं असे सात जोड पडलेत. आणि परीक्षेत नुसतं नाचून भागत नाही, हातावर ताल देऊन बोल म्हणावे लागतात, ते घाईत येत नाही.

कपाशीवाली
ताई किती लिहिलंत, दोनदा वाचलं. बाप्पा, हंगामाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी आपली शहरातल्यासारखी संध्याकाळी पाचची वेळ धरून बसले होते. घुंगरू एवढ्यात द्यायचे का? बाजारात वेलव्हेटच्या पट्ट्यावर शिवलेले मिळतात, स्वस्त आहेत. आणि लेहऱ्याचं काय करू?

धानपट्टीची ताई
पट्टा नको, त्यात सगळे घुंगरू एकदम छन्न होतात, कुठला पाय चुकला कळत नाही. पितळी सुटे घे, एका पायाला ५० पुरे, शंभर दीडशे नंतर. सुती दोरीत ओवायचे आणि प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे ओघळत नाहीत. कापसाच्या जिल्ह्यात दोरी मिळत नाही म्हणू नकोस. ओवायला आयांना बोलव, त्या आजींनाही.

लेहऱ्याला तुझ्या गावात गुरुदेव सेवा मंडळ असेलच, सामुदायिक प्रार्थनेत पेटी वाजवणारे कोणी काका असतील. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ फिरवत राहायची, त्यांना दोन दिवसात येते. आमच्या काकांना आली. फक्त पंधरा मिनिटं झाली की ते लेहऱ्यातून हळूच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात शिरतात, डोळे मिटून, मग मी जोरात टाळी देते.

वऱ्हाडी बाप्पा
आमचे काका तं टाळीनं बी येत नाई वापस 😄 गावाचं नाव कळवा ताई, दारव्ह्याले येनं होते माहं, प्लायवूडचे दोन तुकडे पडून हायेत घरी.