मैद्याविना पीनट बटर कुकीज: एकदा पसरल्या, एकदा भुगा झाला. शनिवारपर्यंत मदत हवी

निळीशाई

नमस्कार. जरा घाईची मदत हवी आहे.

माझी भाची आठ वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी तिला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं. या आजारात गहू, बार्ली आणि राय यांच्यातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं, म्हणून ही धान्यं कायमची बंद. पोरीने ते फार समजूतदारपणे घेतलं. येत्या शनिवारी तिचा वाढदिवस आहे आणि तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे: "मावशी, त्या मधोमध चॉकलेट खोचलेल्या कुकीज करशील ना?" दरवर्षी मी त्या मैद्याच्या करते. यंदा मैद्याविना करायला घेतल्या आणि दोन्ही वेळा फसल्या.

प्रमाण सगळीकडे दिसतं तेच घेतलं: १ कप पीनट बटर, १ कप साखर, १ अंडं.

पहिली बॅच: पीनट बटर नुसत्या शेंगदाण्याचं, बाटलीत वर तेल तरंगणारं. गोळे वळतानाच हाताला तेल सुटत होतं. १७५ अंशांवर १५ मिनिटं ठेवले. ट्रेभर एकच तेलकट चपटा थर तयार झाला, कुठली कुकी कुठे संपते ते कळेना.

दुसरी बॅच: साखरेमुळे पसरल्या असतील म्हणून साखर निम्मी केली. पसरल्या नाहीत, पण ट्रेवरून उचलताच भुगा. यावेळी चॉकलेटचे तुकडे भाजण्याआधीच खोचले होते. त्यांचा आकार गेला, आणि गार झाल्यावर ते कोरडे आणि रवाळ लागले.

ओट्सचं किंवा तांदळाचं पीठ थोडं घालू का? पोरीला नाही म्हणायचं माझ्याने होणार नाही.

चिमूटभर

तेल सुटतंय म्हणजे ते शोषून घेणारं काहीतरी हवं. २ चमचे ओट्सचं पीठ घाला, मी नेहमी घालते, छान बांधून येतात. आणि साखर परत पूर्ण घ्या.

तिसरीखिडकी

चिमूटभर, राग मानू नका, पण या मुलीसाठी ओट्स नको. साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गहू आणि बार्लीच्या संगतीत फिरतात, त्यामुळे त्यांच्यात ग्लूटेन मिसळलेलं असतंच असं धरून चालावं. ग्लूटेनमुक्त म्हणून वेगळे काढलेले ओट्स मिळतात, पण सीलिअ‍ॅक असलेल्या काहींना ओट्समधलं प्रथिनही सोसत नाही. निदान होऊन दीडच महिना झालाय. ओट्स कधी सुरू करायचे ते तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

निळीशाई, माझ्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे, निदानाला आता अकरा वर्षं झाली. म्हणून पाककृतीच्या आधी स्वयंपाकघराबद्दल लिहिते. तुमचा खरा धोका तिथे आहे.

पीनट बटरची नवी, सीलबंद बाटली आणा. घरात उघडलेली असते तिच्यात पावाला लावलेली सुरी पुन्हा पुन्हा बुडालेली असते. साखरही नव्या पिशवीतली घ्या. पहिल्या वर्षी माझ्या मुलाचं पोट सारखं दुखायचं. आम्ही तीन आठवडे कारण शोधत होतो. मी त्याचं सगळं वेगळं शिजवत होते, वेगळ्या भांड्यांत. शेवटी लक्षात आलं की साखरेच्या डब्यातला चमचा मीच मैद्याच्या डब्यात घालत होते आणि तोच परत साखरेत टाकत होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. म्हणून सांगते, साखर नवी घ्या.

पिठाची चाळणी, लाकडी चमचा, चरे पडलेला ट्रे यातलं काही वापरू नका. लाकडात आणि चऱ्यांत पीठ अडकून राहतं, घासूनही जात नाही. स्टीलचं भांडं, स्टीलचा चमचा, ट्रेवर कोरा बेकिंग पेपर. त्या दिवशी घरात मैद्याचं काहीच करू नका. पीठ हवेत उडतं आणि बऱ्याच वेळाने खाली बसतं. ग्लूटेनमुक्त म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. एवढ्याला चिमूटभर पीठही जास्त होतं.

आता कुकी. या कुकीला पीठ लागत नाही. तांदळाचंही नको. पीनट बटरमध्ये साधारण निम्मी चरबी आणि पाव हिस्सा प्रथिन असतं. मैद्याच्या कुकीत जे काम पीठ करतं ते इथे शेंगदाण्याचं आणि अंड्याचं प्रथिन करतं, पण ते हळूहळू करतं, आणि निम्मं काम ओव्हनमधून बाहेर आल्यावर होतं. तुमच्या दोन्ही बॅच मला वाटतं इथेच फसल्या.

प्रमाण वजनाने घ्या, कपाने नाही. पीनट बटर कपात कधी ठासून भरतं, कधी पोकळी राहते. २५० ग्रॅम पीनट बटर, २०० ग्रॅम साखर (त्यातली निम्मी ब्राउन घेतली तर कुकी मऊ राहते), १ अंडं, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. सोड्याने कुकीला वर भेगा पडतात आणि रंग चांगला येतो. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेणार असाल तर डब्यावरची यादी वाचा, काहींमध्ये स्टार्च गव्हाचा असतो.

नुसत्या शेंगदाण्याचं पीनट बटर घेतलंत तर आख्खी बाटली मोठ्या भांड्यात ओता आणि तळाचा घट्ट गोळा तेलात पूर्ण मिसळेपर्यंत ढवळा. मगच वजन करा. वरवर ढवळलं की पहिल्या कपात सगळं तेल येतं. तुमची पहिली बॅच तशी झाली. आणि मग खाली उरलेला कोरडा गाळ दुसऱ्या बॅचमध्ये गेला असणार. त्यात साखर निम्मी. साखर वितळते, कुकीला एकसंध धरते, गार झाली की घट्ट होते. ती गेली की भुगाच होणार. २०० ची १५० पर्यंत उतरवता येते, त्याखाली मी जात नाही. शनिवारसाठी तेल वर न येणारं, घट्ट पीनट बटर घेतलंत तर काळजी कमी. त्यात बहुधा साखर आधीच असते, मग १७५ ग्रॅम साखर पुरते.

आधी पीनट बटर आणि साखर, मग अंडं. मिश्रण भांड्याच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की हात थांबवा. तो क्षण गेला आणि तुम्ही ढवळत राहिलात तर तेल बाहेर पडतं, मग कितीही थंड केलं तरी आत जात नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग २० ग्रॅमचे गोळे, साधारण २५ होतात. साखरेत घोळवा, दोन गोळ्यांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

१७५ अंश बरोबर आहे, १५ मिनिटं चूक. ९ ते १० मिनिटं. कडा बसलेल्या दिसतील, मधला भाग फुगलेला आणि कच्चा वाटेल. तसाच बाहेर काढा. मन होणार नाही, अजून दोन मिनिटं ठेवावंसं वाटेल. ठेवू नका. गरम असताना साखर आणि चरबी दोन्ही पातळ असतात, म्हणून ती कच्ची दिसते. ट्रेवर १० मिनिटं न उचलता राहू द्या, ती आपोआप घट्ट होते. त्याआधी उचललीत की परत भुगा.

आणि एक. वाढदिवसाला येणाऱ्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. आपण ग्लूटेनच्या नादात हे विसरतो.

पहाटवारा

तिसरीखिडकी यांनी कुकीचं सगळं सांगितलंय. मी चॉकलेटचं काम करतो, तेवढंच बोलतो.

या कुकीत चॉकलेट कधीच भाजायचं नसतं. अमेरिकेत ओहायोच्या फ्रेडा स्मिथ यांनी १९५७ मध्ये पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या बेक-ऑफ या बेकिंग स्पर्धेत ही कुकी आणली, तेव्हाही कुकी ओव्हनमधून निघाल्यावर वर चॉकलेट दाबायचं अशीच रीत होती. (त्यांच्या कुकीत मैदा होता. मैद्याविना केलेली ही तिची नंतरची बहीण म्हणा.)

कारण सांगतो. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर एका ठरावीक पद्धतीने गोठवलेलं असतं. त्यामुळे ते चमकतं आणि तुटताना टक्कन आवाज येतो. ३४ अंशांच्या आसपास ती घडी मोडते. पूर्ण वितळून आपलं आपण गोठलेलं चॉकलेट मऊ राहतं, त्यावर पांढुरके पट्टे येतात. तुमचं तर ओव्हनमध्ये १५ मिनिटं तापलं, रवाळ होणारच.

म्हणून जाड, उभट तुकडे घ्या, पातळ वडीचे नकोत. कुकी भाजायला घालताना तुकडे फ्रीझरमध्ये ठेवा. ट्रे बाहेर काढला की दोन मिनिटं थांबा, मग एकेक तुकडा मधोमध सावकाश दाबा, कडेला बारीक भेगा दिसेपर्यंत. फक्त बूड वितळून कुकीला चिकटलं पाहिजे, वरचा भाग घन राहिला पाहिजे. नंतर काही वेळ चॉकलेट चकचकीत आणि ओलसर दिसेल, आकार तसाच असेल. तेव्हा बोट लावू नका आणि ट्रे हलवू नका. लागलं की आकार गेला. कुकी हाताला कोमट लागायला आली की ट्रे तसाच १५ मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा.

शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी करा, त्याच्या फार आधी नको. शेंगदाण्याचं तेल हळूहळू चॉकलेटमध्ये शिरतं. काही दिवसांत चॉकलेट बुडाकडून मऊ पडतं, वर पांढरी झाक येते. खायला काही अपाय नाही, पण दिसायला वाईट, आणि वाढदिवसाच्या ताटात ते नको.

चॉकलेटच्या वेष्टनावर बार्ली माल्ट, बिस्किटाचा चुरा, वेफर यातलं काही आहे का बघा. साधं चॉकलेट कोको, साखर, दूध एवढ्याचंच असतं, पण ज्या यंत्रावर वेफरचं चॉकलेट होतं त्याच यंत्रावर तेही होत असू शकतं. "गव्हाचा अंश असू शकतो" असं लिहिलेलं दिसलं तर परत ठेवा.

कोवळेऊन

मध्येच विचारते, अंड्याशिवाय होतात का? आमच्याकडे अंडं चालत नाही.

तिसरीखिडकी

होतात. १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा. चिकट झाली की अंड्याच्या जागी घाला. कुकी थोडी जास्त ठिसूळ होते, म्हणून ट्रेवर १० मिनिटांऐवजी पूर्ण गार होऊ द्या. जवस घरी दळणार असाल तर मिक्सरच्या भांड्यात कधी गव्हाचं काही दळलेलं नसावं. तुमच्या घरी सीलिअ‍ॅक कुणाला नसेल तर हे सोडून द्या.

चिमूटभर

ओट्सचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलालाही सीलिअ‍ॅक आहे आणि मागे मी त्यांच्याकडे याच कुकीज दिल्या होत्या. आज जाऊन सांगून येते. तिसरीखिडकी, बरं झालं लिहिलंत.

निळीशाई

रविवार सकाळ. आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

गुरुवारी चारच कुकीज करून पाहिल्या. नवी बाटली, नवी साखर, नवा ट्रे. नवव्या मिनिटाला ओव्हनचं दार उघडलं तेव्हा मध्ये अगदी ओल्या दिसत होत्या. माझा हात दार लावायला गेला होता, पण तिसरीखिडकींचं "ठेवू नका" आठवलं आणि बाहेर काढल्या. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिले. चारही अखंड उचलल्या गेल्या. एक मोडून पाहिली तर कड खुसखुशीत आणि आत मऊ, चिकट नाही. दुसरीचं चॉकलेट मी बोट लावून बघितलं, तिचा शेंडा गेला. पहाटवारा, तुम्ही लिहिलं होतंत, तरी राहवलं नाही.

शुक्रवारी २४ झाल्या. बहिणीने पाहुण्या मुलांच्या घरी फोन करून अ‍ॅलर्जीचं विचारलं. एका मुलाला शेंगदाणा चालत नाही असं कळलं. त्याच्यासाठी फळांची वेगळी थाळी केली आणि कुकीजचं ताट दूरच्या टेबलावर ठेवलं. विचारलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

भाचीने ताटाकडे बघून आधी विचारलं, "यातली माझी कुठली?" निदानानंतर प्रत्येक ठिकाणी तिची थाळी वेगळी असते, म्हणून. मी म्हटलं, सगळ्याच तुझ्या आहेत. तिने ताट उचललं आणि स्वतः सगळ्यांना वाटत फिरली. आज सकाळपर्यंत पोट दुखलं नाही, काही नाही.

सहा गोळे उरलेत, ते न भाजता फ्रीझरमध्ये ठेवलेत. ते कसे भाजू? आधी बाहेर काढून ठेवायचे का?

तिसरीखिडकी

वाचून डोळे भरले. नाही, बाहेर काढून ठेवू नका, नरम पडले की पसरतात. गोठलेलेच ट्रेवर ठेवा, वेळ १ ते २ मिनिटं वाढवा. डब्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहा, म्हणजे घाईत कुणी त्यावर पावाचं पाकीट ठेवणार नाही.