प्रतिसाद: गेपार्ड वर्गाच्या नौका निवृत्त का झाल्या?

एका चर्चेत गेपार्ड वर्गाच्या जर्मन क्षेपणास्त्र नौका केवळ जुन्या झाल्या म्हणून काढल्या, असे म्हटले आहे. ते अर्धेच खरे वाटते. 1982 ते 1984 दरम्यान सेवेत आलेल्या या 10 नौका बाल्टिकच्या अरुंद समुद्रासाठीच घडवल्या होत्या: सोव्हिएत आरमार दिसताच सुमारे 40 नॉट (ताशी सुमारे 74 किलोमीटर) वेगाने पुढे जायचे, एक्झोसेट ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे डागायची आणि माघारी वळायचे. त्याआधीच्या आल्बाट्रोस वर्गात मागच्या बाजूला दुसरी 76 मिलिमीटरची तोफ होती. इथे तिच्या जागी चालून येणारी क्षेपणास्त्रे व विमाने पाडणाऱ्या रॅम क्षेपणास्त्रांचा 21 नळ्यांचा प्रक्षेपक बसवला, आणि टॉर्पेडो जाऊन सुरुंग पेरण्याची सोय आली. हा बदल मला या वर्गातील सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो.

शीतयुद्ध संपल्यावर मात्र कामच बदलले. लेबनॉनच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांसाठी गस्त घालताना वेगापेक्षा समुद्रात दीर्घकाळ टिकून राहण्याला महत्त्व होते, आणि जेमतेम 58 मीटर लांबीच्या, इंधन, दुरुस्ती व रसदीसाठी पुरवठा-जहाजावर विसंबणाऱ्या नौकांचे तेच दुखणे होते. त्यांची जागा घेणारे ब्राउनश्वाइग वर्गाचे कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) वेगात बरेच कमी, पण आकाराने मोठे व दूर पल्ल्याचे आहेत. उरलेल्या गेपार्ड नौका नोव्हेंबर 2016 मध्ये वार्नेम्युंडे येथे निवृत्त झाल्या.