मदत हवी आहे: 'हेवी' कुठे आणि 'स्ट्राँग' कुठे?

नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी विशेषणांच्या नोट्स काढतेय आणि 'हेवी'पाशी अडलेय. वजनदार हा अर्थ सोपा आहे, 'हेवी बॅग'बद्दल कुणी विचारत नाही. गोंधळ पुढे होतो. आपण पाऊसही जोराचा म्हणतो आणि वाराही. इंग्रजीत मात्र 'हेवी रेन' आणि 'स्ट्राँग विंड'. मुलं सर्रास 'स्ट्राँग रेन' लिहितात आणि चूक दाखवली की कारण विचारतात.

मी त्यांना असं सांगत होते: प्रमाण जास्त असेल तर 'हेवी', जोर किंवा ताकद असेल तर 'स्ट्राँग'. 'हेवी ट्रॅफिक', 'हेवी स्मोकर' आणि 'स्ट्राँग स्विमर' यात बसतात. पण 'हेवी स्लीपर' म्हणजे जास्त वेळ झोपणारा नव्हे, सहज जाग न येणारा. तिथे प्रमाणाचा नियम लंगडतो. 'ॲक्सेंट'ला तर दोन्ही चालतात!

कोलोकेशन डिक्शनरी (कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द येतो ते दाखवणारा कोश) पाहिली आहे. त्यात जोड्या मिळतात, कारण मिळत नाही. 'पाठ करा' हे उत्तर कृपया नको, ते मुलांना आधीच देऊन झालंय. व्याकरणाच्या जड संज्ञाही नकोत, वर्गात सांगता येईल असं हवं.

तर नेमकं विचारायचंय ते हे: 'स्लीपर'लाही सामावून घेणारा एखादा साधा नियम आहे का? आणि 'हेवी विंड्स' कधीकधी बातम्यांत दिसतं, ते उत्तरपत्रिकेत आलं तर चूक धरायचं की नुसतं कमी वापरातलं?