केसांत भात लपवला की लपवलं?

रानवाटा: सुरिनाममधल्या सारामाका लोकांवरचा लेख मराठीत आणते आहे. डच वसाहतीतल्या मळ्यांवरून पळून जंगलात वस्ती केलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. १७६२ साली डचांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांच्यात सांगतात, की पाआन्झा ही त्यांची पूर्वज पळाली तेव्हा तिनं केसांत 'राइस' लपवून नेला. मी 'तांदूळ' लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "तांदूळ पेरला तर उगवतो का गं?" बरोबरच आहे. पण 'भात' लिहिला तर ताटातला डोळ्यांपुढे येतो. काय लिहू?

खारेपाट: भातच. शिजलेला तो भात, शेतातलं ते भात. 'केसांत भात लपवलं' लिहा. आमच्या अलिबागकडे भात कापलं, झोडलं, कांडलं असंच म्हणतात. 'भात कापला' म्हणणारा बाहेरचा, हे लगेच कळतं.

शब्दवेडा: इतर वाचकांना ती छपाईची चूक वाटेल. शिवाय भात आला 'भक्त'वरून, म्हणजे मुळातच शिजवलेलं अन्न. शुद्ध शब्द साळ, संस्कृत शालि.

झाडीपट्टी: भंडाऱ्याकडे धान म्हणतात.

शब्दवेडा: ते हिंदी झालं.

झाडीपट्टी: हिंदी कसं? 'धान्य' तुम्ही रोज म्हणता की. माझ्या आजीला हिंदीचा गंध नव्हता, जन्मभर बांधीत धानाची रोवणी केली तिनं. व्युत्पत्तीच बघायची तर तुमच्या शालीइतकंच आमचं धान जुनं आहे.

माजघर: केसांत तांदूळ म्हटलं की मला तर लग्नातल्या अक्षता आठवतात! तेवढ्यासाठी तरी तो शब्द नको. आणि हे भात आपलं नव्हे, हेही लेखात येऊ द्या. आफ्रिकेची स्वतंत्र जात आहे, ओरायझा ग्लॅबेरिमा. आजच्या मालीत, नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात सुमारे ३,००० वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली. दाणा लालसर, गिरणीत तुटतो, म्हणून उखळ-मुसळच बरं. सुरिनामच्या जंगलवस्त्यांत बायका अजून ते पेरतात, आणि काही वाणांना पळून आलेल्या पूर्वज बायकांची नावं आहेत. पाआन्झाचंही आहे. तिनं पोटाची सोय नव्हे, बियाणं नेलं. शब्द कुठलाही घ्या, त्यात तूस दिसलं पाहिजे.

रानवाटा: हेच मला हवं होतं. मग 'साळीचे दाणे'?

खारेपाट: साळ म्हटलं की आमच्याकडे साळिंदर आठवतं. 'बी-भात' म्हणा.

माजघर: अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गल्ला लोक अजून गवताची सुपं विणतात. भात पाखडायला आफ्रिकेतून आलेली कला ती.

शब्दवेडा: ती गोल असतात. गोल असेल तर सूप कसं म्हणणार? सुपाला एक बाजू उघडी लागते.

झाडीपट्टी: पाखडता येतं ना? मग सूपच.

शब्दवेडा: परातीतही पाखडतात. परात सूप होते का?