२८ मिलिमीटरचे मराठा घोडेस्वार : पांढरे अंगरखे, भगवा झेंडा आणि चेहऱ्यांचे रंग

प्रश्न

नमस्कार. पानिपतच्या १७६१ सालच्या लढाईवर टेबलावर मांडायच्या खेळासाठी मी मराठा घोडेस्वारांचे २८ मिलिमीटर मापाचे बारा छोटे पुतळे घेतले असून त्यांपैकी तीन रंगवून झाले आहेत. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तरावर) थेट पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग दिल्यामुळे अंगरख्यांवर खडूसारखा जाड थर बसला आणि कापडाच्या चुण्या बुजल्या. झेंड्याचा भगवा रंग चार हात देऊनही मळकट दिसतो. चेहऱ्यांना बाटलीतला तयार गुलाबी त्वचारंग दिला, आणि ते चेहरे आपल्या माणसांचे वाटत नाहीत, याचे सर्वाधिक वाईट वाटते. उरलेले नऊ स्वार कोणत्या रंगांनी आणि कोणत्या क्रमाने रंगवावेत? माझ्याकडे चित्रकलेच्या दुकानातले साधे रंग आणि दोन ब्रश आहेत.

प्रतिसाद १

पांढरे कापड रंगवताना शुद्ध पांढरा रंग सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वापरावा. राखाडी प्रायमरवर पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून केलेला मातकट रंग सर्व अंगरख्याला द्या. तो वाळल्यावर पाणी घालून अगदी पातळ केलेला तपकिरी रंग फक्त चुण्यांच्या खोलगट भागांत सोडा, आणि मग चुण्यांच्या उंचवट्यांवर मोतिया पांढरा लावून खांदे व गुडघ्यांवर शुद्ध पांढऱ्याच्या दोन-चार रेघा ओढा. रंग दुधाइतका पातळ असावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले, मात्र पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत थांबणे आवश्यक आहे.

भगव्याची अडचण निराळी आहे. पिवळे आणि नारिंगी रंग बहुधा अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचा काळा वर डोकावतो. झेंड्याला आधी पांढऱ्यात यलो ऑकर मिसळून अस्तर द्या, म्हणजे त्यावर दोन हातांत भगवा खुलेल. त्याच्या सावलीसाठी काळा न घेता बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या, आणि उजळ कडांसाठी पांढऱ्याऐवजी पिवळा मिसळा, कारण पांढऱ्याने भगवा फिका पडतो.

प्रतिसाद २

चेहऱ्यासाठी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर समभाग घेऊन त्यात थोडा बर्न्ट अंबर मिसळावा. त्यावर तांबूस तपकिरी वॉश, म्हणजे पाण्याने अगदी पातळ केलेला रंग, देऊन नाक, गालाची हाडे आणि कपाळ यांवर मूळ मिश्रणात ऑकर वाढवून उजेड दाखवावा. प्रत्येक स्वारासाठी हे प्रमाण किंचित बदलल्यास नऊ निरनिराळी माणसे दिसतील.

कपड्यांचा विचारही याच अंगाने करावा, असे मला वाटते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन येत असत, त्यामुळे सर्व स्वार एका रंगाचे केले तर ते पलटणीतले शिपाई वाटतात. पागोटी आणि शेल्यांसाठी मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा आणि हळदीसारखा पिवळा, म्हणजे त्या काळच्या वनस्पतिजन्य रंगांच्या जवळचे रंग निवडावेत, आणि बाटलीतल्या भडक लालमध्ये थोडा तपकिरी मिसळावा. तीनच रंग आलटूनपालटून वापरल्याने तुकडीत एकसंधपणाही राहतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त वॉशबाबत सावध करतो. तो सपाट भागावर साचून वाळला की डागासारखी कड उमटते, म्हणून ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने जादा वॉश टिपून घ्यावा. घोड्यांची आयाळ आणि पायाखालची जमीन यांसाठी जुना चपटा ब्रश घेऊन, रंग कापडावर जवळजवळ पूर्ण पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. कुमाईत घोड्याचे अंग तपकिरी करून आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा ठेवा; एखादा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला, केलात तर टेबलावर तो लगेच नजरेत भरतो.

तलवारी आणि ढालींवरची पितळी फुले शेवटी रंगवावीत आणि त्या ब्रशसाठी पाण्याची वेगळी वाटी ठेवावी, नाहीतर चमकीचे कण अंगरख्यांवर उतरतात. पावसाळ्यात दमट हवेत फवारलेला प्रायमर खरखरीत होतो आणि मॅट वार्निशवर (शेवटी द्यायच्या बिनचमकीच्या संरक्षक थरावर) पांढुरके सावट येते. मी त्या दिवसांत प्रायमर आणि वार्निश ब्रशनेच लावतो, आणि वार्निशची नवी बाटली आधी एखाद्या बिघडलेल्या सैनिकावर तपासून पाहतो. आपले पहिले तीन स्वार त्यासाठी हाताशी आहेतच, ते खरवडून टाकू नका.